सेट घेणं बंद करा, बायांनो

आपल्या नागपुरात बर्डीच्या बाजारात कोणत्याही दुकानात शिरा, समोर आधी सेटच टाकतात. कुर्ता, पॅन्ट, दुपट्टा, तिन्ही एकाच छापाचे. "मॅडम, मॅचिंगची कटकटच नाही!" कटकट नाही हे खरं, पण तीन कपड्यांचे पैसे मोजून ऑफिससाठी हाती लागतो एकच ड्रेस. ती बुट्ट्याबुट्ट्यांची पॅन्ट दुसऱ्या कुठल्याच कुर्त्याखाली जात नाही. दुपट्टा तर दोनदा मिरवला की कायमचा हँगरवर. त्यात कुर्ता दरवेळी धुतला जातो, पॅन्ट दोनदा घालून एकदा. सहा महिन्यांत सेटमधल्या दोघांचे रंग एकमेकांना ओळखत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की खालचं साधं घ्या आणि हौस वर करा.

पाच कुर्ते आणि तीन पॅन्ट म्हणजे १५ जोड्या, हे फॅशनच्या व्हिडिओंतलं गणित कागदावरच ठीक. लांब, सरळ कुर्ता पेन्सिल पॅन्टवर झकास दिसतो, तोच घेरदार पलाझोवर घातला की तंबू. पलाझोवर आखूड कुर्तीच हवी. म्हणजे १५ मधल्या आठ-नऊ जमतात. त्याही काय कमी आहेत का बाप्पा?

खालच्यासाठी ऑफ-व्हाइट, नेव्ही ब्लू आणि एखादा मातकट रंग पुरतो. काळा सगळ्यांवर जातो म्हणतात, पण मला नाही पटत. तीन दुकानांतले तीन काळे शेजारी ठेवा: एकात निळी झाक, एकात तपकिरी, एक धुऊन राखाडी झालेला. ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच. घरचा कुर्ता पिशवीत घालून न्या आणि कापड दुकानाच्या दाराबाहेर उन्हात धरून बघा. उन्हाचा आपल्याकडे तुटवडा नाही.

ऊन निघालंच म्हणून सांगते, पुण्या-मुंबईचे ब्लेझरचे सल्ले इथे कामाचे नाहीत. या शहराचा पारा मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ वर उतरला. दोन्हीत चालेल असं म्हणजे सुती कुर्ता. थंडीत त्यावरच खादीची कोटी, म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, चढवायची. कोटी प्लेन असेल तर छापील कुर्त्यावर, छापील असेल तर प्लेनवर, म्हणजे तेच कुर्ते पुन्हा नवे. आणि गाडीवर तोंडाला बांधायचा दुपट्टा वेगळाच ठेवा, ऊन त्याचा रंग खाऊन टाकतं.

साडी नेसणाऱ्यांचं तर आणखी सोपं. आईच्या पिढीनं मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू या ब्लाउजच्या कापडाच्या गठ्ठ्यांसमोर उभं राहून साडीगणिक ब्लाउज शिवले. आता एक मरून रंगाचा, एक इकतचा आणि एक कलमकारीचा असला की कपाटातल्या बहुतेक प्लेन सुती साड्यांचं भागतं. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेल्या करवतकाठी साडीवर मात्र मी छापील ब्लाउज घालत नाही. त्या काठाचे दाते दिसायला हवेत, मधे दुसरी गर्दी कशाला?

"काल हाच कुर्ता नव्हता का?" असं विचारणारी एक प्रत्येक ऑफिसात असतेच. पलीकडच्या टेबलावरचे साहेब वर्षभर त्याच चार शर्टांत येतात, त्यांना काहून नाही विचारत कोणी?

गांधीबागेत थानातून, म्हणजे ताग्यातून, कापड घेऊन पॅन्ट शिवून घ्यावी म्हणते. महाल-इतवारीकडे धड खिसा लावून देणारा टेलर माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. खिशात मोबाइल मावला पाहिजे, नुसता रुमाल नाही.