‘२२ मिनिटं रांगेत, मग अर्धा डंजन’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमच्या ऑनलाइन गेममधल्या ऑटो-मॅचने (आपोआप गट जुळवण्याच्या सोयीने) २२ मिनिटं ताटकळत ठेवलं, शेवटी अर्ध्यावर आलेल्या डंजनमध्ये (पाच जणांनी मिळून शत्रूंशी लढायच्या मोहिमेत) ढकललं, आणि पाच जण मिळाले की गट सुरू करायला आमचं काय जातं? तुमची संध्याकाळ वाया गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण २२ मिनिटांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचा गट सहाव्या मिनिटाला जुळला होता, सर्व्हरच्या लॉगमध्ये ते स्पष्ट दिसतं. ‘तयार’ हे बटण ४० सेकंद स्क्रीनवर होतं, ते दाबलं गेलं नाही. अशा वेळी बाकीच्या चौघांना रांगेत पुढची जागा परत मिळते आणि बटण न दाबणारा बाहेर पडतो. तुम्ही परत रांगेत आलात सोळाव्या मिनिटाला. दुसरा गट जुळायलाही सहाच मिनिटं लागली. मधली नऊ-दहा मिनिटं तुम्ही रांगेत नव्हतातच, तरी ती आमच्या माथी आली. गेम मिनिमाइज केला असेल, फोन आला असेल, होतं असं. पण वाचणाऱ्यांच्या लक्षात २२ हाच आकडा राहतो.

आता ‘कोणतेही पाच’ का चालत नाहीत ते. गटाला तीन प्रकारचे रोल लागतात: एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (जखमा भरणारा) आणि तीन डॅमेज (शत्रूला मारणारे). समजा रांगेत १०० जण आहेत: ८ टँक, १२ हीलर, ८० डॅमेज. टँक आठ, म्हणून गटही आठच. त्यात २४ डॅमेजवाले बसतात, ५६ जण थांबून राहतात. टँकशिवाय सोडलं तर बॉसचा, म्हणजे डंजनमधल्या मोठ्या शत्रूचा, मार थेट डॅमेजवाल्या जादूगारावर पडतो, दोन फटक्यांत तो खलास, आणि थोड्याच वेळात पाचही जण पुन्हा रांगेत. गिअर स्कोअर (खेळाडूच्या शस्त्रं-चिलखतांचे गुण) जुळण्याची अट आम्ही सैल करतोच: आधी १०० गुणांचा फरक, मग दर ३० सेकंदांनी ५० जास्त, असं ४०० पर्यंत. त्यापलीकडे गेलो तर नवख्याला पहिल्याच बॉसला किक बसते, म्हणजे बाकीचे त्याला गटातून काढतात.

टँकना जादा सोनं देणं तुम्हाला पक्षपात वाटला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या मोठ्या ऑनलाइन गेममध्ये आपोआप गट जुळवणं २००९ मध्ये आलं, आणि कमी पडणाऱ्या रोलला जादा बक्षीस २०११ मध्ये द्यावं लागलं. टँक वाढले की डॅमेजवाल्यांचीच रांग सरकते.

अर्ध्या डंजनचं मात्र तुमचं बरोबर आहे. कोणी सोडून गेलं की ती जागा रांगेतून भरली जाते, आणि ‘सुरू असलेल्या गटात चालेल’ या पर्यायावर आम्ही आधीच टिक करून ठेवली होती. पहिल्या बॉसची लूट तुमची बुडाली. ती टिक पुढच्या अपडेटमध्ये काढतो. गट जुळल्याचा आवाज मोठा करण्याचंही बघतो आहोत.

आमचा गेम छोटा आहे. एक स्टार बघून दहा जण परत फिरले, तर त्यातला एखादा टँक असतो आणि रांग तुमचीच लांबते. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तेवढा वेळेचा आकडा दुरुस्त करा. आणि तुमचं कॅरेक्टर हीलिंगही करतं, तेव्हा रांगेत शिरताना दोन्ही रोलवर टिक करा.