‘थ्रीडी मॅमोग्राफी केली की सुई नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

स्तनातल्या गाठीबद्दलचा एक मेसेज बायकांच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा येतो. त्याचा सारांश असा: थ्रीडी मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या नव्या प्रकारात, गाठ चारी बाजूंनी दिसते, त्यामुळे कॅन्सर आहे की नाही ते तिथेच कळतं. गाठीचा तुकडा तपासायला काढतात ती सुई टोचून घेऊ नका, सुईने कॅन्सर पसरतो. थ्रीडी नॉर्मल आली तर निर्धास्त राहा. सोनोग्राफीत पैसे घालवू नका. गावात सोय नसेल तर शहरात जाऊन थ्रीडीच करा.

यातलं यंत्र खरं आहे, निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत. सुईबद्दलचा तर जिवावर बेतू शकतो.

आधी ‘चारी बाजूंनी’चं पाहू. या तपासणीचं नाव टोमोसिंथेसिस; अमेरिकेत तिला २०११ साली मान्यता मिळाली. स्तन नेहमीसारखाच दाबून धरतात. क्ष-किरणांची नळी त्यावरून कमानीत सरकते, यंत्राप्रमाणे १५ ते ५० अंश, आणि कमी मात्रेच्या अनेक प्रतिमा घेते. त्यांतून संगणक साधारण एकेक मिलिमीटरचे काप तयार करतो. सगळ्या बाजूंनी फिरणारा हा सीटी स्कॅन नव्हे. फायदा मोठा आहे तो असा की एकावर एक आलेल्या पेशीजालामुळे लपलेली गाठ मोकळी दिसते आणि नसलेल्या गाठीचा भास कमी होतो. इटलीत ट्रेंटो आणि व्हेरोना इथे ७,२९२ बायकांच्या तपासणीत ५९ कॅन्सर सापडले. त्यातले २० थ्रीडीची जोड दिल्यावरच दिसले.

पण ‘तिथेच कळतं’ हे कशावरून? अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. थ्रीडीमुळे पुढच्या तपासणीसाठी परत बोलवावं लागणाऱ्यांचं प्रमाण हजारी १०७ वरून ९१ वर आलं आणि कॅन्सर सापडण्याचं ४.२ वरून ५.४ वर गेलं. म्हणजे थ्रीडीनंतरही ज्यांना परत बोलावलं त्यांतल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. प्रतिमेने शंका दाखवली, निदान नंतर झालं.

कारण प्रतिमेत दिसतो तो आकार आणि कडा. काटेरी कडा कॅन्सरची असते, तशीच मार लागून चरबीत झालेल्या इजेचीही असू शकते. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाची एक प्रकारची सूज, कॅन्सर नव्हे) किंवा क्षयाची गाठ हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते. उलट काही कॅन्सर इतके गोल, गुळगुळीत असतात की फायब्रोअडेनोमाच, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठच, वाटावेत. शंका किती ते सांगायला रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ वर्ग लिहितात; त्यातल्या ‘बायरॅड्स ४’ या एका वर्गात कॅन्सरची शक्यता २ ते ९५ टक्के एवढी पसरलेली असते, ती यामुळेच. शिवाय कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन किती आहे, या चाचण्यांशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि त्यांना गाठीचा तुकडाच लागतो.

सुईने कॅन्सर पसरतो, या भीतीला एक आधार आहे, तो लपवायला नको. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली आढळतात. पण दिवस जातात तशा त्या कमी होत जातात, आणि सुईच्या तपासणीमुळे कॅन्सर उलटण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. धोका आहे तो सुई टाळण्यात. निदानाविना गाठ थेट कापून काढली आणि नंतर कॅन्सर निघाला, तर अनेकदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. सुई टाळून घरीच थांबलेल्या बाईचं तर विचारूच नका. प्रत्येक गाठीला सुई लागते असंही नाही: सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ दिसली तर लागत नाही, आणि बायरॅड्स ३ (बहुधा साधी गाठ) असेल तर बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात.

‘थ्रीडी नॉर्मल, मग निर्धास्त’ हेही खोटं. फार दाट स्तनांत गाठ थ्रीडीतही हरवते. लोब्युलर प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी एकामागे एक रांगेत पसरतात, गोळा होत नाहीत, म्हणून तो उशिरा दिसतो. हाताला गाठ लागते आहे आणि मॅमोग्राफी नॉर्मल आहे, तर तपास तिथे थांबवायचा नसतो.

सोनोग्राफीला बाद करणं तर मला अजिबात पटत नाही. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे मॅमोग्राफी, टूडी असो की थ्रीडी, खात्रीने सांगू शकत नाही, सोनोग्राफी सांगते. तिशीच्या आतल्या मुलींत पहिली तपासणी तीच. बहुतेक गाठींत सुईही तिच्याच मदतीने नेमकी पोचते.

राहिलं शहर गाठण्याचं. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासत. सगळ्या वयोगटांत मिळून मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशी ठरली नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत ती जवळपास ३० टक्के होती. यंत्राविना हे झालं. तालुक्याच्या गावी गाठ हाताला लागली तर डॉक्टरांकडून तपासून घ्या, सोनोग्राफी करा, त्यांनी सांगितलं तर कोअर बायोप्सीही (जाड सुईने गाठीचा तुकडा काढणं) करून घ्या. थ्रीडीची तारीख मिळेपर्यंत महिनोन्महिने थांबू नका.