नाव आहे, पण ह्या शाळेत नाही

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की एक ठरावीक जमात जागी होते. एरवी खड्डे, पाणी आणि कचरागाडी या विषयांवर सोसायटीच्या ग्रुपवर रोज निबंध पाडणारी ही मंडळी, प्रचाराची रिक्षा गल्लीत शिरली की निरागसपणे विचारतात, "अहो, ते नाव नोंदवायचं कुठे असतं?" याचं खरं उत्तर ऐकवत नाही, पण देतो: आता कुठेच नाही.

कारण असं की पालिकेच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग मतदारांची स्वतःची यादी करतच नाही. भारत निवडणूक आयोगाने केलेली विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेची उचलायची आणि प्रभागांप्रमाणे फोडायची, एवढंच त्याच्याकडे असतं. 29 महापालिकांसाठी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं, त्यासाठीची तारीख होती 1 जुलै 2025. रिक्षा जानेवारीत आली, दार जुलैत बंद झालं होतं. मध्ये प्रारूप यादीवर हरकती मागवतात, तेव्हा काही जण नवीन नावाचा अर्ज घेऊन उत्साहाने धावतात. पण हरकत चालते ती आपलं नाव भलत्याच प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं, किंवा लिहिताना चूक झाली, अशाच कारणांसाठी. नवीन नाव तिथे घालत नाहीत, मग खिडकीवर कितीही आवाज चढवा.

म्हणजे नाव नोंदवायचं ते निवडणूक कुठेच नसताना. पहिल्यांदाच नोंदवणाऱ्याने फॉर्म 6 भरायचा: मतदार सेवा पोर्टलवर, भारत निवडणूक आयोगाच्या ईसीआयनेट अ‍ॅपवर, नाहीतर बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) कागदावर. सोबत फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा. वय मोजायला वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. अडलंच तर 1950 वर फोन. इथपर्यंत सगळं सोपं आहे. मग बीएलओ पडताळणीला घरी येतात. त्या बहुधा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, आपलं काम सांभाळून जिने चढतात आणि नेमक्या आपण ऑफिसात असताना बेल वाजवतात. शेजारच्या काकू दार किलकिलं करून सांगतात, "ते ना? कधी दिसतच नाहीत हो." काकू खोटं बोलत नाहीत, पण अर्ज अडकायला तेवढं पुरतं. म्हणून अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा, स्थिती बघत राहावी आणि काकूंशी संबंध बरे ठेवावेत.

खरा घोळ घर बदलणाऱ्यांचा. साताऱ्याहून पुण्याला आलेला माणूस पुन्हा फॉर्म 6 भरतो. त्यात "माझं नाव आधी कुठेही नाही" अशी प्रतिज्ञा असते, तिच्याखाली तो न वाचता सही ठोकतो. त्याने भरायला हवा होता फॉर्म 8. स्थलांतर, दुरुस्ती आणि हरवलेलं मतदार कार्ड या तिन्हींना तोच एक फॉर्म. आता त्याचं नाव दोन गावांत. या निवडणुकांत अशा संशयित दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापले. हॉटेलला मिळाले असते तर त्याने पाटी लावली असती. मतदाराला मात्र हे तारे महागात पडतात: ओळख नीट तपासतात, "मी दुसरीकडे मतदान केलेलं नाही" असं लिहून घेतात, आणि मागची रांग आपल्याकडे बोगस मतदार म्हणून बघते.

यादीत नाव शोधणं हाही एक छंद आहे. नाव टाइप करून शोधू नये. यादीत जोशींचे जोषी, श्रीकांतचे शिरकांत आणि सासऱ्यांचे वडील झालेले असतात. कार्डावरचा क्रमांक टाकून शोधावं, तो सहसा दगा देत नाही. पण कार्ड पाकिटात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असं मुळीच नाही. कार्ड फक्त ओळख पटवतं, आणि तेवढं काम आधार किंवा पॅनही करतं. यादीत नाव नसेल तर घरातले सगळे पुरावे थैलीत भरून नेले तरी उपयोग शून्य. केंद्रही आदल्या दिवशीच बघावं. विधानसभेला जी शाळा होती तीच असेल या भरवशावर राहू नये, कारण प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधून जाते आणि कधी नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या शाळेत निघते. भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून न्यावा. मोबाइल आत चालत नाही, त्यामुळे "थांबा, स्क्रीनशॉट दाखवतो" हे वाक्य तिथे कुणी ऐकून घेत नाही.

आत गेल्यावर पहिला अधिकारी नाव मोठ्याने पुकारतो, पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीवर खूण करतात. मग सही, बोटाला खूण आणि यंत्र. मुंबईत 227 प्रभाग आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, म्हणजे एक बटण दाबून माणूस मोकळा. बाकी महापालिकांत बहुतेक प्रभाग चार जागांचे, काही तीन किंवा पाचांचे. नगरपरिषदेत बहुधा दोन सदस्य आणि वर नगराध्यक्ष, जिल्हा परिषदेला तिचा गट आणि पंचायत समितीचा गण मिळून दोन मतं. चारच्या प्रभागात अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. प्रत्येक रंगात एकदाच बटण. प्रत्येक रंगाच्या शेवटी "वरीलपैकी एकही नाही" असतंच, म्हणून ते दिसलं की यादी संपली असं समजू नये, जागा संपलेली असते. लोक मात्र आवडता उमेदवार दिसला की ते एक बटण दाबून विजयी चेहऱ्याने निघतात. बझर वाजत नाही. चौथं मत पडेपर्यंत तो वाजणारही नाही. अधिकारी ओरडतो, "काका, अजून तीन!" काका म्हणतात, "मला बाकीचे पसंत नाहीत." नसतील, तर त्या तीन रंगांतही एकही नाही दाबा, पण दाबा. इथे मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं, त्यामुळे चिठ्ठी पडायची वाट बघत उभं राहण्यातही अर्थ नाही. दिवा लागला की पुढच्या रंगाकडे वळावं.

आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं असेल तर तावातावाने घरी येऊ नये. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागावी. ते मत यंत्रात जात नाही, कागदावर होऊन वेगळ्या लिफाफ्यात बंद होतं.

वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. विधानसभेला सहा वाजेपर्यंत असते, म्हणून पावणेसहाला डुलत येणारे हमखास भेटतात आणि फाटकावरच्या पोलिसाशी कायद्यावर चर्चा करतात. साडेपाचला जे रांगेत असतील त्यांना मात्र कितीही उशीर झाला तरी मत देता येतं. त्यासाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या शेपटाकडून वाटतात, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. एक नंबरची चिठ्ठी सगळ्यात शेवटच्या माणसाला मिळते. ती उंचावून तो पुढे सरकू लागतो आणि आत घ्यायला मागतो, तेव्हा त्याला समजावणं हे त्या पोलिसाचं दिवसातलं शेवटचं आणि सर्वात अवघड काम असतं.