तालुक्याचा वकील ‘सामील’ असतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘दावा ज्या कोर्टात आहे, शक्यतो तिथलाच वकील घ्या’ या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंय. काकांचा वाटपाचा दावा गेल्या आठवड्यात फेटाळला गेला. त्यांचे वकील समोरच्या वकिलांबरोबर कॅन्टीनमध्ये हसत बसायचे. तालुक्यात सगळे एकमेकांना सामील असतात, तेव्हा वकील मोठ्या शहरातला घ्यावा, तोही नेटवरचं रेटिंग बघून, असं तुमचं म्हणणं. शिवाय माझ्यासारखे निवृत्त कोर्ट कर्मचारी वकिलांचीच तळी उचलतात! हा शेवटचा टोला सोडून बाकीच्याचं उत्तर देतो.

आधी ते हसणं. सकाळी एकमेकांवर तुटून पडलेले वकील संध्याकाळी एकाच गाडीवरून घरी जाताना मी नोकरीत कायम पाहिले. रोज एकाच बाररूममध्ये बसायचं तर दुसरं काय होणार? हाच निकष लावला तर शहरातलाही एक वकील शिल्लक राहणार नाही, बाररूम तिथेही आहेच. फितुरी होत नाही असं मी म्हणत नाही. पण ती कॅन्टीनमध्ये दिसत नाही, कागदावर दिसते. पुराव्याच्या तारखेला आपल्याच वकिलाचा मुदतीचा अर्ज. समोरच्या साक्षीदाराचा उलटतपासच नाही. पक्षकाराला न विचारता दिलेली पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. आणि या सगळ्याच्या आधी, कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवलेल्या सह्या.

यातलं बहुतेक रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत, उतरतं. काकांनी रोजनामा कधी वाचला होता का, हे तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत कुठेच नाही. हल्ली त्यासाठी कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची कधी, हे सहसा घरबसल्या कळतं. त्याच ठिकाणी वकिलाच्या नावानेही शोधता येतं. वकील ठरवण्याआधी हे जरूर करा. त्यावरून कोण किती दावे जिंकला ते कळत नाही, आणि त्या आकड्याला तसा अर्थही नाही, कारण कमकुवत दावा घेणारा चांगला वकीलही हरतो. पण तो त्या कोर्टात जमिनीचे दावे चालवतो की मुख्यतः चेक परतीचे, हे समजतं.

शहरातला वकील घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३० हे १५ जून २०११ पासून लागू झालंय, त्यामुळे देशातल्या कुठल्याही कोर्टात तो उभा राहू शकतो. प्रश्न तारखांचा आहे. दिवाणी दाव्यातल्या बहुतेक तारखा दहा मिनिटांच्या असतात आणि तेवढ्यासाठी लांबून कोणी येत नाही. मग तालुक्यातलाच एखादा ज्युनिअर उभा केला जातो. म्हणजे ज्याला टाळायचं होतं त्याच्याच हाती फाइल, फरक इतकाच की तो तुम्हाला ओळखत नाही. तोही आला नाही तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. प्रतिवादी असाल तर कैफियतीची, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याची, ३० दिवसांची (कारण दिलं तर ९० पर्यंतची) मुदत हातची जाते. हां, उच्च न्यायालयातलं अपील किंवा पेटंटसारखा खास विषय असेल तर जरूर बाहेरचा वकील शोधा.

रेटिंगबद्दल थोडक्यात. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकी माहिती देता येते, इतकंच. ‘पहिल्या दहांत’ असल्याचं जो स्वतःच मिरवतो, तो नियम वाकवूनच तुमच्यासमोर आलाय. ‘जिंकलो तर अमुक टक्के’ असा सौदा करणारा वकीलही असाच ओळखावा, निकालावर ठरणारी फी घ्यायला त्याला मनाई आहे.

एका गोष्टीत मात्र तुमचा राग रास्त आहे. ‘फी लेखी ठरवा, प्रश्न विचारा’ हे लिहायला सोपं. वकिलाच्या टेबलासमोर चप्पल बाहेर काढून उभं राहणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्यात मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता बंद. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण तिथे दावा हरल्याचं दुःख चालत नाही, कागद लागतो. म्हणून काकांना एकट्याला पाठवू नका, सोबत जा आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. फी परवडत नसेल तर मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. उत्पन्नाची मर्यादा आहे, पण स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती अशांना ती लागू नाही. काकूही दाव्यात पक्षकार असतील तर त्यांच्यासाठी आधी विचारा. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

वकील बदलायचा असेल तर नवा वकील जुन्याची संमती मागेल. ती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी घेता येते. फी थकली म्हणून जुन्या वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय.

पण हे सगळं नंतर. अपील जिल्हा न्यायालयात जाणार असेल तर मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या औपचारिक आदेशाच्या) तारखेपासून ३० दिवसांची आहे आणि त्यातला आठवडा गेलाय. नक्कल मिळायला लागणारे दिवस त्यातून वजा होतात, पण त्यासाठी अर्ज आधी पडायला हवा. निकाल, हुकूमनामा आणि पूर्ण रोजनामा, तिन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकला मागा. नक्कल विभागात काका स्वतः अर्ज देऊ शकतात, त्यासाठी कुठलाच वकील लागत नाही. उद्याच जा.