अव्वाला गप्प बसवू नका

परवा बालवाडी सुटल्यावर एक आई थांबली. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात तेलुगू, सासरे आयुष्यभर यंत्रमागावर, सासू अजून विड्या वळतात. मोठी मुलगी माझ्या वर्गात, धाकटा कडेवर, सव्वादोन वर्षांचा. म्हणाली, "बाई, ह्याला अजून नीट बोलता येईना. एका शाळेत चौकशीला गेलतो, तिथं सांगितलं, घरात तेलुगू बंद करा, पोरगं गोंधळतंय. म्हणून सासूबाईंना सांगितलंय, ह्याच्याशी मराठी नाहीतर इंग्लिशच बोला."

त्या सासूबाईंचं मराठी बाजारापुरतं. इंग्लिश नाहीच. मग काय झालं? त्या बोलायच्याच बंद झाल्या. दिवसभर पोरगं त्यांच्याजवळ आणि त्या गप्प. रडला की हातात मोबाईल.

त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी विचारलं, बोलतो तरी काय? "काही नाही ओ, 'नीळ्ळु दे', 'अव्वा ये', एवढंच." अहो, एवढंच काय म्हणता! नीळ्ळु म्हणजे पाणी, अव्वा म्हणजे आजी. तेलुगू शब्दाला मराठी क्रियापद जोडून त्यानं नेमकं हवं ते मागितलं. दोन वर्षांच्या आसपास मुलानं दोन शब्द जोडावेत अशी अपेक्षा असते, ते हा दोन भाषांत करतोय. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. घरात दोन-तीन भाषा असल्यानं बोलणं मागं पडत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकत पिढ्या मोठ्या झाल्या की.

तान्हं बाळ "अंऽऽ" करतं, आजी "हो का रे?" म्हणते आणि थांबते. बाळ पुन्हा काहीतरी करतं. ते थांबणं फार मोलाचं आहे, संवाद तिथं सुरू होतो. मोबाईल बाळासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची रोज किमान तीन तास हालचाल व्हावी.

हालचालीवरून आठवलं. तीन वर्षांच्या पोराला एबीसीडी लिहायला बसवणारे पालक बघितले की जीव तुटतो. मनगटातली हाडं अजून पुरती तयार नसतात, बोटांत बळ नसतं. त्याला आधी कणकेचा गोळा द्या, चिखल द्या, चटणीच्या शेंगा फोडू द्या. (दाणे तोंडात जाऊ देऊ नका, लहान मुलांच्या घशात अडकतात. समोर बसूनच करा.) समोर बसलात की बोलणं आपोआप होतं, "ही फुटली, ही पोकळ निघाली." त्यातच शब्द येतात, बोटंही तयार होतात.

काळजी कधी करायची तेही सांगते. हाक मारल्यावर वळत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर थांबू नका, आधी कान तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांना विचारा. पण त्यासाठी आजीची भाषा बंद करू नका.

सोमवारी त्या आईला सासूबाईंना घेऊन यायला सांगितलंय. माझं तेलुगू मोडकंतोडकं आहे, पण "माट्लाडंडी अव्वा", बोला हो आजी, एवढं मला माझ्या तोंडानं त्यांना सांगायचंय.