फारशी न वाजवलेली

जुनी गिटार विकणाऱ्या सगळ्यांनी कधीतरी एकत्र बसून एक वाक्य मंजूर करून घेतलं असावं : 'फारशी वाजवलेली नाही.' मी पाहिलेल्या प्रत्येक जाहिरातीत ते होतं. विकणाऱ्याला वाटतं, आपण गिटारची तारीफ करतोय. तो कबुलीजबाब असतो, हे मला फार उशिरा कळलं.

नवी न घेता जुनी घेण्यामागे माझं एक तर्कशास्त्र होतं. नवी घेतली की शिकावं लागतं. जुनी घेतली की 'बघू' म्हणता येतं. शिवाय, गिटारचं लाकूड जसं मुरतं तसा तिचा आवाज खुलतो, अशी वादकमंडळींची श्रद्धा आहे. म्हणजे मुरवण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलंय, आपण आयत्या बिळावर नागोबा.

जायच्या आदल्या रात्री मी कसून अभ्यास केला. सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बघायचा. ब्रिज, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवलेल्या असतात ती लाकडी पट्टी, मागच्या बाजूने सुटलाय का, ते कागदाचा कपटा सरकवून तपासायचं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, वाजवून बघायची. बाराव्या फ्रेटपाशी तार किती वर आहे ते मोजायचं. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर ठीक. मी खिशात शाळेतली पट्टी घालून गेलो.

विकणारे गृहस्थ साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी केसची चेन उघडली, गिटार बाहेर काढली आणि ती हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"वाजवून बघा ना," ते म्हणाले.

"छे छे, आधी तुम्ही. तुमच्या हातातली आहे."

"आता कुठला हात राहिलाय! तुम्हीच बघा."

असं बराच वेळ चाललं. दोघांनाही वाजवता येत नाही आणि दोघांनाही समोरच्याला येतं असं वाटतंय, यासारखी अवघड बैठक नाही. शेवटी मी सहाही तारांवरून एकदा अंगठा फिरवला. "छान आहे," मी म्हणालो. "हो ना!" ते म्हणाले, जणू त्यांनाही आत्ताच कळत होतं.

मग मी एक डोळा मिटून नेक बघितला. मला त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं.

"वाकलाय का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"किंचित. तेवढा वाकतोच."

हे मी ठोकून दिलं होतं, पण ते खरं निघालं. स्टीलच्या सहा तारा मिळून गिटारला साधारण ७० किलोंच्या ताणाने ओढत असतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस तिच्या मानेला लोंबकळतोय असं समजा. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची एक लोखंडी सळई असते, ती या माणसाला आवरून धरते. आणि वाजताना तारांना थरथरायला जागा हवी म्हणून नेकमध्ये अगदी थोडा बाक मुद्दाम ठेवलेला असतो. खिशातली पट्टी मी शेवटपर्यंत बाहेर काढलीच नाही. त्यांच्यासमोर मोजायला लाज वाटली, आणि त्यांना विकायची इतकी घाई होती की तारा विटेएवढ्या उंच असत्या तरी मी घेतली असती.

घरी आणल्यावर पहिलं काम सुरात लावणं. जाडी तार ८२ हर्ट्‌झ, तिच्या खालची ११०, असं करत शेवटची बारीक तार ३३० च्या जवळ. फोनमधला ट्यूनर समोर ठेवला आणि खुंटी पिळायला लागलो. काटा हलेना. आणखी पिळली. काटा ढिम्म. कान पिळल्यावर कुणीही वठणीवर येतं अशी माझी समजूत असल्याने मी पिळतच राहिलो. मी तार छेडत होतो पहिली आणि खुंटी पिळत होतो दुसरीची, हे ध्यानात येण्याच्या क्षणभर आधी 'टण्ण' असा आवाज झाला आणि दुसरी तार माझ्या कानाजवळून गेली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा सूर चांगला लागला."

लोक आपल्या गिटारला नाव ठेवतात. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून नावं ठेवली.

तिचा आकारही मोठा. उजवा हात तिच्यावरून टाकून बसलं की दहा मिनिटांत खांद्याला मुंग्या येतात. या आकाराला ड्रेडनॉट म्हणतात. १९०६ साली ब्रिटिशांनी याच नावाची एक अजस्र युद्धनौका समुद्रात उतरवली होती, आणि दहा वर्षांनी मार्टिन कंपनीने बनवलेल्या या भल्यामोठ्या गिटारला तिचंच नाव मिळालं. आणि मी रोज संध्याकाळी मनःशांतीसाठी त्या युद्धनौकेला मिठी मारून बसत होतो.

बोटांविषयी जास्त लिहीत नाही. पहिले दोन आठवडे शर्टाची बटणं लावतानाही मी दात-ओठ खात होतो. मग बोटांच्या टोकांना घट्टे पडले आणि फोनने मला ओळखायचं सोडलं. मी बोट ठेवायचो, तो 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचा. गिटारही तेच म्हणत होती.

ती सुरात लागली तरी बेसूर वाटायची. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर; त्यांना जी, ई अशी इंग्रजी अक्षरांची नावं. 'जी' कॉर्ड गोड लागावी म्हणून तिसरी तार जरा सरकवली की 'ई' कॉर्ड रडायची. तिची समजूत काढली की जी रुसायची. याचं कारण सापडलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे प्रत्येक मेजर कॉर्डमधला गंधार शुद्ध, नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. म्हणजे दोन लगतच्या फ्रेटमधल्या अंतराच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. जगातली प्रत्येक गिटार एवढी बेसूर असतेच. त्या दिवसापासून घरात कुणी कानावर हात ठेवला की मी म्हणायचो, "हा दोष माझा नाही, गणिताचा आहे." मुलगा म्हणाला, "बाबा, गणित सातवा हिस्सा म्हणतंय. उरलेले सहा कुणाचे?"

आणि मग एफ कॉर्ड आली.

ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. यात पहिल्या फ्रेटवर तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरायची आणि उरलेल्या तीन बोटांनी दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कसरत करायची. मी दाबली. सहापैकी दोन तारा वाजल्या, दोन भुंग्यासारख्या गुणगुणल्या आणि उरलेल्या दोन दार वाजवल्यासारख्या टकटकल्या. महिनाभर हेच. शेवटी माझी खात्री पटली की गिटारमध्ये खोट आहे, आणि तिला घेऊन मी दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेलो.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं, फ्रेटवर बॅटरी मारली आणि हसायला लागले.

"आधी कुणाची होती?"

"का?"

"बघा. पहिल्या फ्रेटवर दुसऱ्या तारेखाली केवढी खाच पडलीय. सी आणि ए मायनर. इथे दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर डी. जीसुद्धा पुष्कळ वाजवलाय. आता हे पहिल्या फ्रेटचं टोक बघा, जाड्या तारेखालचं."

मी बघितलं. कोरं करकरीत होतं.

"या जागी तार दाबावी लागते ती एफसाठी. यांनी एकदाही नीट दाबलेली नाही. पाचव्या फ्रेटच्या पुढे तर कुणी फिरकलेलंच नाही. एफ आला की गिटार विकायला निघते. माझ्याकडे अशा खूप येतात."

त्यांनी ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती छोटी पट्टी, खालून जरा घासून तारा खाली आणल्या आणि गिटार परत दिली. "हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवा. आणि जरा कडेवर वळवा."

अमेरिकन गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच गिटार वाजवतायत. तारा छेडायच्या पिकने घासून घासून तिच्या लाकडाला आरपार भोक पडलंय, तरी ती सुटत नाही. माझ्याजवळ त्या गृहस्थांच्या चार कॉर्डचा दस्तऐवज होता, आणि मी त्याच चार खाचा इमानेइतबारे खोल करत चाललो होतो. गंमत म्हणजे त्या रात्रीपासून ती मला आवडायला लागली. सी दाबताना बोट आपोआप त्या खाचेवर जाऊन बसायचं. कुणीतरी आधी इथे बसून, असंच तोंड वेडंवाकडं करून हे केलंय, हे जाणवायचं. मी हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र आणलं. लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवतो; कोरड्या हवेत ते आक्रसतं, दमट हवेत फुगतं. बायको म्हणाली, "या घरात माणसंही राहतात."

एफ लागायला आणखी चार महिने गेले. एका रात्री सहाही तारा एकदम वाजल्या. घरात कुणी जागं नव्हतं. मी पुन्हा वाजवून बघितली, पुन्हा वाजली. बॅटरी मारून पाहिलं, जाड्या तारेखाली एक केसाएवढी चकाकती रेघ उमटली होती.

पुढच्याच आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "एक विचारू? त्यावर एफ लागतो का हो?"

मी गिटारकडे बघितलं. ती कोपऱ्यात स्टँडवर उभी होती.

"नाही हो," मी म्हणालो. "गिटारच तशी आहे."

पलीकडून मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हातात घेतली तर सहाही तारा उतरल्या होत्या.