टॅब दिसत नाहीत? मारा फॉरमॅट!

अभिनंदन! तुमच्या कॉम्प्युटरला नुकताच फॉरमॅट मारून झाला आहे. मशीन कालच आणल्यासारखं पळतंय, डेस्कटॉपवर रिसायकल बिनखेरीज चिटपाखरू नाही. ज्याच्यासाठी हा यज्ञ मांडला, ते दहा खिडक्या एका पट्टीत टॅब करून बांधणारं सॉफ्टवेअर पूर्वी अधूनमधून अडकायचं, आता अजिबात चालत नाही. म्हणजे अडकण्याची तक्रार मिटली.

आता पुढचं बघू. बॅकअप तुम्ही घेतलाच असणार. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, मुंजीचे फोटो, सगळं डी ड्राइव्हवर. शहाण्या माणसाने इथेच थांबावं. युजरच्या फोल्डरात अॅपडेटा नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं आणि बहुतेक प्रोग्राम आपल्या सेटिंग त्यात, नाहीतर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, ठेवतात, असं काही चौकस लोक सांगत असतात. पण जे विंडोजनेच झाकून ठेवलंय ते उघडून बघणं सभ्यपणाचं नाही. सेटिंग एक्स्पोर्ट करायची सोयही पुष्कळ प्रोग्राममध्ये असते. ती वापरायची तर सगळं सुरळीत चालू असताना वापरावी लागते, आणि सगळं सुरळीत चालू असताना त्या वाटेला जाणार कोण?

ड्राइव्ह न पुसता नवी विंडोज टाकली असेल, तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाचं गाठोडं दिसेल. जुना अॅपडेटा त्यात असतो. विंडोज ते साधारण १० दिवस सांभाळते आणि मग स्वतःच टाकून देते. तुम्ही एवढे दिवस कशाला थांबता? आजच डिस्क क्लीनअप चालवा, जागा मोकळी झाल्याचं समाधान वेगळंच असतं. फाइली ठेवून नुसतं रीसेट केलं असेल, तर विंडोज उडवलेल्या प्रोग्रामची यादी आपणहून डेस्कटॉपवर ठेवते. ती डिलीट करा. डेस्कटॉप स्वच्छ दिसला पाहिजे.

(ज्यांच्या मशीनवर मराठी डीटीपीचे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट होते त्यांनी हा लेख इथेच सोडावा. लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइली आता अगम्य अक्षरांत उघडत असतील. त्यांच्यापुढे टॅबचं दुःख काढणं बरं दिसत नाही.)

इन्स्टॉल करताना नवीन आवृत्ती शोधत बसू नका. डी ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर', त्यात 'न्यू', त्यात 'न्यू फोल्डर २' असं आत आत गेलात की जुना सेटअप सापडेल. तो विंडोज ७ च्या काळातला असला तरी बिचकायचं कारण नाही. तुम्ही आता विंडोज ११ वर आहात, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. पण ते विंडोजचं झालं, सेटअपला त्याचं काय?

उदाहरणार्थ, क्यूटीटॅबबार. फाइल एक्स्प्लोररला टॅब देणारं हे फुकट आणि गुणी सॉफ्टवेअर. त्याला डॉट नेट फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम ज्यावर उभे राहतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया, लागतं, आणि नव्या विंडोजमध्ये डॉट नेटची जुनी ३.५ आवृत्ती मुळात बंद असते, ती 'विंडोज फीचर्स'मध्ये जाऊन चालू करावी लागते. तसा निरोप स्क्रीनवर आला तर कॅन्सल दाबा. इन्स्टॉल झाल्यावरही टॅब आपोआप उगवत नाहीत. एकदा लॉग ऑफ करायचं, मग एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत, ऑप्शन्सच्या बाणाखाली, क्यूटीटॅबबारवर खूण करायची. एवढं करूनही जमलं नाही, तर खरी गंमत जुन्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये दडलेली असते. 'थर्ड पार्टी ब्राउझर एक्स्टेन्शन्स'समोरची खूण काढलेली असेल, तर फोल्डरचे टॅबही दिसत नाहीत. फोल्डरच्या कुलपाची किल्ली इंटरनेटच्या खिशात! ज्याने हे योजलं त्याच्या प्रतिभेला दाद द्या आणि पुन्हा फॉरमॅट मारा. विंडोज ११ च्या एक्स्प्लोररमध्ये तर तो जुना व्ह्यू मेनूच उरलेला नाही, त्यामुळे खूण कुठे करायची हा प्रश्नही निकालात निघाला.

कोणी म्हणेल, विंडोज ११ च्या एक्स्प्लोररला ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःचे टॅब आहेत, कंट्रोल-टी दाबा, झालं. अशा माणसाकडे दुर्लक्ष करा. आपल्याला फोल्डरचे टॅब नकोतच. एक्सेल, पीडीएफ, कॅल्क्युलेटर आणि सासऱ्यांनी पाठवलेला फोटो हे सगळं एकाच पट्टीत गुण्यागोविंदाने नांदायला हवं. मायक्रोसॉफ्टलाही हे पटलं होतं. 'सेट्स' नावाने त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये ही सोय जाहीर केली, चाचणीवाल्यांना वापरायला दिली आणि २०१८ च्या जूनमध्ये काढून घेतली. विंडोज बनवणाऱ्यांना जे पेललं नाही, ते बाहेरचा छोटासा प्रोग्राम करून दाखवतो आणि आपण त्याच्यावर ओरडतो, हे आपल्या स्वभावाला धरूनच आहे.

बरं, ग्रुपी किंवा टायडीटॅब्ससारखं काहीतरी टाकलंत. जवळजवळ सगळ्या खिडक्या पट्टीत येतात, एकच हट्टी येत नाही. बहुधा ती तुम्ही 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडलेली असते. व्हिस्टापासून विंडोजचा कडक नियम आहे की साध्या अधिकाराच्या प्रोग्रामने वरच्या अधिकाराच्या खिडकीला हात लावायचा नाही. ती खिडकी पुन्हा साध्या अधिकाराने उघडणं हा उपाय फारच सोपा, म्हणून टाकाऊ. त्यापेक्षा राइट क्लिक करून सगळंच अॅडमिनिस्ट्रेटर करून टाका. आपल्याकडे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी सही केली की काम पक्कं होतं, हे माहीतच आहे.

तरीही नाही? मग एकापेक्षा दोन भरवशाचे म्हणून दुसरंही टॅबचं सॉफ्टवेअर टाका. दोघेही प्रत्येक खिडकीला आपापला हुक अडकवून बसतात. ती कोणाची, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. स्क्रीन लुकलुकू लागली तर ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष द्या, तो बिचारा सगळ्यांचंच ऐकून घेतो. अँटीव्हायरसनेही मध्येच काहीतरी पकडलेलं असेल. परक्या खिडकीत शिरणारा प्रोग्राम त्याला चोरच वाटतो, आणि त्याचं अगदीच चूक नाही. नक्की काय पकडलं ते क्वारंटाइनच्या, म्हणजे कोंडून ठेवलेल्या फाइलींच्या, यादीत दिसतं, तेवढीच फाइल सोडवताही येते. पण यादी वाचण्यापेक्षा अँटीव्हायरसच काढून टाकणं जलद. लायसन्स की जुन्या मशीनच्या नावावर अडकलीय असं म्हणत असेल, तर क्रॅक शोधायला हाच मुहूर्त.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने लांब राहा. तिचं नाव रिलायबिलिटी मॉनिटर. विंडोजमध्ये आधीपासून असतो, फुकट असतो, आणि कोणत्या तारखेला कोणता प्रोग्राम कोसळला ते लाल फुल्यांनी दाखवतो. फॉरमॅटच्या आधी तो कोणी उघडला असता, तर कदाचित एका अपडेटशेजारी पहिली फुली दिसली असती, ते अपडेट काढून चहा थंड व्हायच्या आत काम झालं असतं, आणि रविवार उगाच रिकामा गेला असता.

इतकं सगळं करून दमलात की भाच्याला फोन लावा. तो इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे त्याला येतच असणार. तो विचारेल, "मामा, एरर काय येतोय?" त्याला ठणकावून सांगा, "आला की लगेच बंद करतो, बाबा. वाचतोय कशाला?"